डॅन्यूबवर आई-बाबांना न्यायचं तर शहरं मोजू नका, धक्के बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते कळेल. येत्या मेमध्ये आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. बाबा ७६ वर्षांचे, आई ७२. बाबांचा उजवा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. तुम्ही दोघं त्यांना घेऊन युरोपात नदीवरची क्रूझ करणार आहात आणि समोर दोन पर्याय आहेत: पासाऊ ते बुडापेस्ट सात रात्री किंवा ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट चौदा रात्री. दुसऱ्यात शहरं दुप्पट आणि रोजचा खर्च कमी पडतो, म्हणून मन तिकडे ओढ घेतंय. मे नाही जमला तर ऑक्टोबर. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की दोघं बोटीवर बसून बसून कंटाळतील का, अशी धाकधूक वाटते.

माझं उत्तर आहे सात रात्री आणि मे महिना. मी पुण्याहून ज्येष्ठांचे छोटे गट घेऊन जाते. डॅन्यूबवर आजवर अकरा वेळा गेले, ऱ्हाइनवर चार वेळा. तरीही माझं उत्तर तसंच्या तसं घेऊ नका, कारणं वाचा. बाबांचा गुडघा मी पाहिलेला नाही आणि त्या वर्षी पाऊस किती पडेल हे कोणाच्याच हातात नसतं.

सात की चौदा हा मला खरा प्रश्न वाटत नाही. बाबांच्या गुडघ्याला रोज किती वेळा आणि कसल्या जमिनीवर चालावं लागणार, हा खरा प्रश्न आहे. आणि नदीने साथ दिली नाही तर त्यांचे किती दिवस बसमध्ये जाणार, हा दुसरा. माहितीपत्रकात या दोन्हींचा उल्लेख नसतो. तिथे शहरांची नावं असतात आणि संध्याकाळच्या उन्हातला एक फोटो.

आधी नदीचं सांगते. लोक गृहीत धरतात की नदी म्हणजे रस्ता, कधीही जा. डॅन्यूबवर ऑस्ट्रियात ठिकठिकाणी जलविद्युत प्रकल्पांचे बंधारे आहेत. बंधाऱ्यामागे पाणी तुंबून राहतं, त्यामुळे तिथे खोली पुरेशी मिळते आणि जहाज लॉकमधून, म्हणजे दोन दरवाजांमधल्या पाण्याच्या हौदातून, पायरी उतरल्यासारखं खाली उतरतं. पण काही टप्पे मोकळे वाहतात. जर्मनीत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, ऑस्ट्रियात मेल्क ते क्रेम्स हा वाखाउचा भाग आणि व्हिएन्नाच्या पुढे ब्रातिस्लावाकडे जाणारा पट्टा. पाणी उतरलं की जहाजं आधी या मोकळ्या टप्प्यांवर अडतात, आणि त्यातला सगळ्यात त्रासाचा श्ट्राउबिंग-फिल्सहोफेन. आता नकाशा उघडा. पासाऊ फिल्सहोफेनच्या खालच्या अंगाला आहे. म्हणजे पासाऊहून निघणारं जहाज त्या अडचणीच्या पुढे उभं असतं. ॲमस्टरडॅमहून येणाऱ्या जहाजाला मात्र आधी ऱ्हाइन, मग माइन, मग १७१ किलोमीटरचा माइन-डॅन्यूब कालवा आणि त्यानंतर नेमका हाच टप्पा पार करावा लागतो. एका सहलीत चार जलमार्ग, आणि त्यातला एक अडला तरी पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

२०१८ च्या ऑक्टोबरात ऱ्हाइनवर काउब या गावाशी पातळी २५ सेंटिमीटरपर्यंत उतरली होती. (हा मापपट्टीवरचा आकडा आहे, नदीची खोली नव्हे. जहाजाच्या वाटेत पाणी त्याहून जास्त असतं, पण तरी फार कमी.) त्या हंगामात माझा एक गट अशाच लांब सहलीवर होता. जहाज एका गावाशी थांबलं ते थांबलंच. तीन दिवस आम्ही सकाळी बसने निघायचो, दोन-अडीच तास महामार्ग, शहरात गाइडबरोबर घाईघाईची फेरी, आणि परत तेवढाच प्रवास करून त्याच धक्क्याला. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या बॅगा भरून दुसऱ्या जहाजावर बदली. गटातल्या एका काकूंनी केबिनमध्ये मांडलेला छोटा देव्हारा आवरला, पुन्हा मांडला. क्रूझ कंपनीने करारात लिहिलेलंच केलं: पाण्यामुळे कार्यक्रम बदलला तर परतावा नाही. ते कलम जवळपास प्रत्येक करारात असतं. पैसे भरण्यापूर्वी ते वाचा आणि प्रवास-विम्यात पाण्याच्या पातळीमुळे झालेला बदल धरलाय का, हे एजंटकडून लेखी घ्या.

जास्त पाणीही तेवढंच अडवतं. पाणी चढलं की पुलाखालची जागा कमी होते, आणि ठरावीक पातळीच्या वर गेलं की वाहतूकच बंद करतात. पासाऊच्या जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या रेषा कोरल्यात. २०१३ च्या जूनमधली रेषा १२.८९ मीटरची आहे. तिच्याखाली उभं राहून मान वर केली की काय झालं असेल ते सांगावं लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रिया आणि आसपास मोठा पूर आला तेव्हाही जहाजं जागच्या जागी बांधून ठेवली होती. म्हणून मे म्हणजे हमखास, असं मी म्हणणार नाही. आल्प्समधलं बर्फ वितळतं, त्यात पाऊस झाला तर मेअखेरीला आणि जूनमध्ये पाणी चढू शकतं. पण पाणी कमी पडण्याची भीती उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात जास्त. सात रात्रींसाठी मेचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात निर्धोक वाटतो. ऑक्टोबरच घ्यावा लागला तर पासाऊ-बुडापेस्टच घ्या, ॲमस्टरडॅमचा विचार सोडून द्या.

आता धक्के, म्हणजे जहाज काठाला लागतं त्या जागा. क्रूझ कंपनीकडून प्रत्येक शहरासाठी तीन गोष्टी लेखी मागा: जहाज कोणत्या धक्क्याला लागणार, किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार. या तीन उत्तरांवरून सहल कशी होणार ते मला घरबसल्या सांगता येतं.

पासाऊला जहाजं बहुतेक वेळा गावालगत लागतात. जुनं गाव डॅन्यूब आणि इन या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर आहे, तिसरी इल्झ उत्तरेकडून येऊन मिळते. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्यांना तिथे लगेच आपलेपणा वाटतो. टोकावर उभं राहिलं तर तीन पाण्यांचे तीन रंग ओळखू येतात: इन फिकट हिरवट, इल्झ काळपट, डॅन्यूब दोघींच्या मधली. तिथपर्यंतचा रस्ता सपाट आहे, पण दगडी. कॅथेड्रलकडे थोडा चढ आहे. तिथल्या ऑर्गनला जवळजवळ १८ हजार नळ्या आहेत. दुपारच्या वादनाची वेळ जहाजाच्या वेळेशी जुळते का ते आधी बघा.

मेल्कचा मठ टेकडीवर आहे. बेनेडिक्टाइन साधू तिथे १०८९ पासून आहेत, सध्याची पिवळी-पांढरी इमारत अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली. वर जायला बस असते, ती घ्या. ग्रंथालयातून चर्चमध्ये उतरताना गोल जिना लागतो, आणि बाबांना उतरणंच जड जातं. जिना टाळायचा रस्ता सुरुवातीलाच गाइडला विचारून ठेवा, जिन्याच्या तोंडाशी पोचल्यावर नको.

ड्यूर्नश्टाइनला वरचा पडका किल्ला बघायचा मोह होतो. इंग्लंडचा राजा रिचर्ड याला ११९२ च्या शेवटी पकडून तिथे ठेवलं होतं, ही गोष्ट गाइड रंगवून सांगतो आणि सगळे वर बघायला लागतात. बाबांसाठी तो चढ नाही. खालची एकच गल्ली, निळ्या मनोऱ्याचं चर्च आणि जर्दाळूचा मुरंबा विकणारी दुकानं, एवढं पुरे. तुम्ही दोघं वर जाऊन या, ते दोघं खाली नदीकाठच्या बाकावर बसतील. मेल्क ते क्रेम्स हे ३६ किलोमीटर दिवसाउजेडी आहेत ना, एवढं मात्र वेळापत्रकात तपासाच. सहलीतला सगळ्यात देखणा पट्टा तो आहे, आणि रात्रीत पार केला तर त्यासाठी दिलेले पैसे पाण्यात गेले म्हणायचं.

व्हिएन्नाबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. आपण जहाजातून उतरलो की राजवाड्यासमोर उभे, असं त्यांना वाटतं. १८७० ते १८७५ मध्ये तिथे डॅन्यूबचं पात्र सरळ करून घेतलं. जुन्या शहराजवळून आता फक्त एक कालवा जातो, मुख्य नदी दूर आहे. मोठी जहाजं राइखसब्रुके पुलाजवळ लागतात, आणि आजूबाजूला रुंद रस्ते आणि साध्या इमारती. काही जण पहिल्या पाच मिनिटांत हिरमुसतात. पण थोडं चाललं की फोरगार्टनश्ट्रासे हे मेट्रो स्टेशन येतं, तिथून यू-१ या मेट्रो मार्गाने चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ. वर आलात की समोर कॅथेड्रल. कंपनीच्या बसची वाट न बघता तुम्ही आई-बाबांना त्यांच्या वेळेने नेऊ शकता आणि थकले की परत आणू शकता. व्हिएन्नाला जहाज एक रात्र थांबत असेल तरच ती सहल घ्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढ्यात व्हिएन्ना उरकणाऱ्या सहली मी माझ्या गटांसाठी घेत नाही.

ब्रातिस्लावात धक्का जुन्या शहराला लागूनच आहे, तिथे फिरताना फारसा चढ नाही. अर्धा दिवस छान जातो. किल्ल्यावर बसने.

बुडापेस्टची गोष्ट वेगळी. तिथे पोचण्याची वेळ ही शहराइतकीच महत्त्वाची. संसद भवन, साखळी पूल, वरचा राजवाडा, सगळ्यांवर दिवे लागलेले असताना जहाज मधून जातं तेव्हा डेकवर कोणी बोलत नाही. पण मेमध्ये तिथे सूर्य आठ ते साडेआठच्या दरम्यान मावळतो. म्हणजे जहाज संध्याकाळी सहाला पोचणार असेल तर हे दृश्य तुमच्या वाट्याला येणार नाही, जर रात्री परत एक फेरी ठेवली नसेल तर. नऊनंतरची फेरी आहे का, हे विचारा. दुसऱ्या दिवशी संसदेजवळच्या काठावर लोखंडी बुटांच्या जोड्या मांडल्यात तिथे जा, २००५ मधलं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना काठावर उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या, त्याची आठवण. माझ्या एका गटातल्या आजींनी तिथे एका लहान बुटाशेजारी नुसता हात टेकवला आणि बराच वेळ उठल्या नाहीत. तिथे घाई करू नका.

गुडघ्यासाठी आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. गर्दीच्या धक्क्यांवर दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून लागतात. तुमचं जहाज बाहेरच्या बाजूला असेल तर काठावर जाण्यासाठी शेजारच्या जहाजाच्या लॉबीतून जावं लागतं, आणि दोघांचे दरवाजे जुळले नाहीत तर वरच्या डेकवर चढून, पलीकडे जाऊन, पुन्हा उतरावं लागतं. दिवसातून दोन वेळा बाहेर पडलात तर चार वेळा हे जिने. म्हणून बाबांना सांगा, दिवसातून एकदाच उतरायचं आणि तेव्हा मन भरून फिरायचं. बहुतेक जहाजांवर हळू चालणाऱ्यांचा वेगळा गट असतो, पहिल्याच संध्याकाळी त्यात नाव द्या. कानाला लावायचं यंत्र देतात, त्यामुळे गाइडपासून थोडं मागे राहिलं तरी ऐकू येतं. घडीची काठी न्या, तिथल्या गोल दगडांवर तिचा आधार होतो. बाबा नको म्हणतील. तरी न्या.

केबिन मधल्या डेकवरची घ्या. सगळ्यात खालच्या डेकच्या खिडक्या पाण्याच्या जरा वर, लहान आणि न उघडणाऱ्या असतात, आणि बऱ्याच जहाजांची लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. वरच्या उन्हाच्या डेकलाही लिफ्ट सहसा नसते. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर जाणवते. महागड्या बाल्कनीसाठी मी आग्रह धरणार नाही: शेजारी जहाज लागलं की समोर त्याची भिंत येते. सरकत्या काचेची, उभं राहण्यापुरत्या कठड्याची केबिन पुरते. तोच पैसा वाचवून एक दिवस आधी पोचा. म्युनिकहून पासाऊला रेल्वेने सव्वादोन-अडीच तास लागतात. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी जहाज पकडायला बाबांना पळवू नका.

आईंच्या जेवणाचं. शाकाहारी असं नुसतं लिहून भागत नाही. मांस, मासे, अंडं नाही, मांसाच्या पाण्यातलं सूप नाही, प्राण्यांची चरबी नाही, जिलेटिन नाही, असं एक-एक लिहून इंग्रजीत कंपनीला महिनाभर आधी पाठवा, आणि जहाजावर पहिल्या संध्याकाळी शेफला स्वतः भेटा. शेफ मनापासून करतात, फक्त त्यांना कळलेलं असलं पाहिजे. अडचण शहरात येते. भाज्यांचं सूप म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा हाडांच्या पाण्यातलं असतं, आणि व्हिएन्नाच्या केकांत, झाखरटोर्टे या तिथल्या प्रसिद्ध चॉकलेट केकमध्येसुद्धा, अंडं असतंच. बुडापेस्टला लांगोश मिळतो, तळलेला, लसूण आणि चीज घातलेला. तो आवडेल, पण पिठात काय आहे आणि कशात तळलाय ते विचारून. बरोबर मेतकूट, भाजलेल्या पिठाची पाकिटं आणि लिंबाचं लोणचं ठेवा. जहाजावर पांढरा भात आणि दही मागितलं की देतात, आणि पाचव्या दिवशी मेतकूट-भाताने माणूस ताजातवाना होतो, हे मी अकरा वेळा पाहिलंय.

व्हिसा थोडक्यात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, चारही शेंगेन या सामायिक व्हिसाच्या गटात, एकच व्हिसा. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये आपल्याकडच्या सुट्ट्यांची गर्दी असते, म्हणून अपॉइंटमेंट डिसेंबर-जानेवारीतच पकडा. पुढे कधी बेलग्रेडपर्यंतची सहल घेतलीत तर शेंगेनबाहेर जाऊन परत यावं लागेल, तेव्हा एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो.

राहिला कंटाळ्याचा प्रश्न. व्हिएन्नाहून बुडापेस्टला रेल्वे पावणेतीन तासांत पोचते, मग जहाजाने का जायचं, हे ज्यांना पटत नाही ते कंटाळतात. तुमच्या बाबांबद्दल तुम्ही लिहिलंय की ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. माझ्या एका गटात त्याच खात्यातले सांगलीचे एक काका होते. आपली वेळ तिथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, त्यामुळे पहिले काही दिवस आपले लोक पहाटे चारलाच टक्क जागे असतात. मी डेकवर गेले तर काका शाल गुंडाळून कठड्याशी उभे. जहाज इब्स-पर्सेनबॉयगच्या लॉकमध्ये शिरत होतं. दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ, ओली, शेवाळलेली. मागचा दरवाजा बंद झाला आणि जहाज आवाज न करता खाली जायला लागलं. भिंत वर वर सरकत गेली, तिच्यावरून पाण्याचे ओघळ, दहा मीटर. काका म्हणाले, "एक थेंब पंपाने उचलत नाहीत बघा. नुसतं वरचं पाणी खाली सोडायचं. सगळं काम उताराचं." समोरचा दरवाजा उघडला, तेवढ्यात उजाडलं होतं. त्या दिवसापासून काका काठावरच्या किलोमीटरच्या पाट्या वहीत लिहायला लागले. डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून उगमाकडे मोजतात, त्यामुळे आपण पुढे जातो तसे आकडे उतरत जातात: पासाऊला २२२६ च्या आसपास, व्हिएन्नाला १९२९, बुडापेस्टला १६४७. काकू जवळ खुर्चीत बसून विणकाम करत आकडे ओरडून सांगायच्या.

बाबांना एक वही आणि दुर्बीण घेऊन द्या. आणि सात रात्रींच्या सहलीचं वेळापत्रक आणि डेकचा नकाशा हाती आला की मला पाठवा. धक्के, वाखाउची वेळ, बुडापेस्टला पोचण्याची वेळ आणि केबिनचा नंबर, या चार गोष्टी बघून ती घ्यावी की दुसरी शोधावी ते सांगते. तोपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.